तयारीचं बलुतं

अंबरनाथच्या एमआयडीसीत एक छोटा इंजेक्शनचा कारखाना आहे. त्याच्या पॅकिंगच्या खोलीमागे एक फ्रीज ड्रायर उभा आहे. पुरुषभर उंचीचा, स्टेनलेस स्टीलचा, दाराला गोल काचेची खिडकी. आला तेव्हाचं निळं प्लॅस्टिक त्याच्यावर अजून तसंच आहे. उन्हाकडच्या बाजूला ते पिवळं पडून कडक झालंय, नखाने ओढलं तर चुरा होऊन हातात येतं. गेली वीसेक वर्षं मी असल्या छोट्या औषध कारखान्यांचे हिशेब बघतो. दरवर्षी मार्चअखेर झाली की मी त्या मशीनपाशी जातो, त्याचा नंबर माझ्या यादीशी ताडून बघतो आणि घसारा लावून त्याची किंमत आणखी थोडी खाली आणतो. त्या मशीनने आजवर एकही व्हायल, म्हणजे इंजेक्शनची छोटी काचेची बाटली, सुकवलेली नाही.

मशीन मागवलं मे 2021 मध्ये. कोविडच्या रुग्णांना दिलं जाणारं रेमडेसिविर व्हायलमध्ये भरलं की ते गोठवून, निर्वातात सुकवून त्याची पावडर करावी लागते. ते काम फ्रीज ड्रायरचं. एका मोठ्या कंपनीच्या माणसाने कारखान्याच्या मालकांना, म्हणजे आमच्या काकांना, फोनवर सांगितलं होतं, "जेवढं भरून द्याल तेवढं उचलतो." लेखी काही नव्हतं. त्या दिवसांत लेखी मागायचं कोणाला सुचत होतं? अर्धं गाव ऑक्सिजनसाठी पळत होतं. काकांनी राहतं घर तारण ठेवलं. मशीन हातात पडलं जानेवारी 2022 मध्ये. तोवर रेमडेसिविर कोणी विचारत नव्हतं, आणि फोनवरच्या माणसाने नोकरी बदलली होती.

"आजार गेला याचं मला वाईट वाटेल का रे?" काका मला म्हणाले होते. "गेला ते बरंच झालं. पण हप्ता नाही ना गेला."

त्या मशीनवर दुसरं काही करता आलं नसतं का, असं लोक विचारतात. आलं असतं. अ‍ॅसिडिटीवरच्या पँटोप्रॅझोलची इंजेक्शनं सुकवता आली असती. पण त्या धंद्यात आधीच इतकी गर्दी आहे की भाव पडलेले आहेत. शिवाय मशीन बसवणं, त्याचं व्हॅलिडेशन (ते ठरल्याप्रमाणे चालतं हे तपासून सिद्ध करणं), नवा परवाना, सगळ्यालाच पैसा लागतो, आणि खेळतं भांडवल तर हप्त्यातच चाललेलं.

कोविडने औषध कंपन्यांची चंगळ केली, ही आपल्याकडची पक्की समजूत. लोकांचा राग मला समजतो. माणसं दागिने गहाण ठेवून इंजेक्शनं आणत होती, आणि टीव्हीवर कंपन्यांच्या नफ्याचे आकडे झळकत होते. ते आकडे खोटे नव्हते. पण ते एका वर्षाचे होते, फार तर दोन वर्षांचे. कारखाना काही दोन वर्षांसाठी उभा करत नाहीत. माझ्या कामात मी एक गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिली आहे. धंदा बुडतो तो कमाई कमी पडली म्हणून क्वचितच. पैसा चुकीच्या वेळी येतो आणि चुकीच्या वेळी थांबतो, म्हणून तो बुडतो. साथ नेमकं हेच करते. आधी पूर आणते आणि मग कोरड. आणि पुराच्या मापाने बांधलेली भिंत कोरडीतही सांभाळावी लागते.

जगातल्या बड्या नावांकडे बघा. फायझरची 2022 ची विक्री 100 अब्ज डॉलरच्या पुढे गेली. पुढच्याच वर्षी ती 58.5 अब्जांवर आली, आणि न खपलेल्या गोळ्या आणि लशींपोटी साडेपाच अब्ज डॉलरच्या आसपासचा माल तोट्यात लिहावा लागला. मॉडर्नाचं उत्पन्न 2019 मध्ये 6 कोटी डॉलर होतं, 2021 मध्ये 18.5 अब्ज झालं आणि 2023 मध्ये 6.8 अब्ज, वर 4.7 अब्जांचा तोटा. नोव्हावॅक्सने फेब्रुवारी 2023 मध्ये स्वतःच जाहीर केलं की पुढचं वर्षभर कंपनी चालू राहील की नाही याची गंभीर शंका आहे. आमच्या धंद्यात याला 'गोइंग कन्सर्न'चा शेरा म्हणतात, आणि तो लिहिताना भल्याभल्यांचा हात जड होतो. याच नोव्हावॅक्सची लस आपल्या पुण्यात सीरम इन्स्टिट्यूट 'कोव्होव्हॅक्स' नावाने बनवत होती.

फायझरसाठी कोणी अश्रू ढाळावेत असं मी म्हणत नाही. फायझरने 2023 मध्ये 43 अब्ज डॉलर मोजून कर्करोगावरची औषधं करणारी सीजेन ही कंपनी घेतली. ती आपलं बघायला समर्थ आहे. मला काळजी आहे ती या चढउताराची किंमत शेवटी कोण मोजतं याची. ती किंमत आपण एकदा मोजली आहे, आणि तिचा हिशेब कोणी नीट मांडला नाही.

तो हिशेब रेमडेसिविरचा. 2020 मध्ये रेमडेसिविरच्या मूळ अमेरिकन कंपनीने, गिलियडने, भारतातल्या सात कंपन्यांना हे औषध बनवायचे परवाने दिले. सातांची मिळून क्षमता महिन्याला 38.8 लाख व्हायलची. सप्टेंबरमधली पहिली लाट ओसरली, रुग्ण घटत गेले, तशी डिसेंबरपासून कंपन्यांनी मशीनं एकेक करून दुसऱ्या कामाला लावली. यात कोणाचा कट नव्हता. गोदामात माल पडून आहे, त्याची मुदत रोज एकेक दिवसाने कमी होतेय, त्यात अडकलेल्या पैशावर बँक व्याज लावतेय, आणि स्टॉकिस्ट सांगतोय की गिऱ्हाईक नाही. अशा वेळी उत्पादन चालू ठेवा असा सल्ला कुठलाही शहाणा हिशेबनीस देणार नाही. मीही दिला नसता, हे मला कबूल केलं पाहिजे. फेब्रुवारीत अमरावतीकडे आकडे पुन्हा चढायला लागले. इंजेक्शनला कच्च्या मालापासून बाजारात यायला काही आठवडे लागतात, आणि विषाणूला तेवढी सवड द्यायची नव्हती. सरकारने नंतर दिलेल्या आकड्यांप्रमाणे 11 एप्रिल 2021 रोजी देशात दिवसाला फक्त 33,000 व्हायल तयार होत होत्या. महिन्याला 10 लाख धरा. म्हणजे असलेल्या क्षमतेचा जेमतेम पाव हिस्सा चालू होता. त्याच दिवशी निर्यातबंदी आली.

मग काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. पुण्यात जिल्हाधिकारी कार्यालयाकडून वाटप, मेडिकलच्या दारात रांगा, हातात आधारकार्डाची झेरॉक्स आणि डॉक्टरांची चिठ्ठी. शेजारच्या काकूंसाठी मी स्वतः डोंबिवली आणि कल्याण पालथं घातलं. एका दुकानदाराने, माझा वीस वर्षांचा ओळखीचा माणूस, शटर अर्धं ओढून मला फक्त हात जोडले. त्या औषधाने मुळात किती जीव वाचतात हा वेगळा वाद आहे. जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर 2020 मध्येच रुग्णालयातल्या कोविड रुग्णांना ते देऊ नका असं सुचवलं होतं. पण डॉक्टर लिहून देत होते आणि घरचे वेडे होऊन शोधत होते, हे खरं होतं.

29 मे 2021 रोजी सरकारने सांगितलं की आता रोज साडेतीन लाख व्हायल होतात, कारखाने 20 वरून 60 झालेत, म्हणून केंद्राकडून राज्यांना होणारं वाटप बंद. सात आठवड्यांत दहापट उत्पादन! कामगारांनी, केमिस्टांनी, इंजिनिअरांनी जे करून दाखवलं त्याला तोड नाही. पण लाट तर मेच्या सुरुवातीलाच कळसाला जाऊन उतरायला लागली होती. माल हवा होता तेव्हा मशीनं थंड होती, आणि मशीनं धडधडायला लागली तेव्हा गरज सरत होती. काकांचं मशीन त्या साठ कारखान्यांच्याही मागे, रांगेच्या अगदी शेपटाला होतं.

आता सीरमकडे येऊ, कारण तिची गोष्ट इतकी साधी नाही. परवानगी मिळायच्या आधी, लस चालेल की नाही हे ठाऊक नसताना, सीरमने स्वतःचे पैसे घालून कोव्हिशिल्ड बनवायला घेतली. गेट्स फाउंडेशनने दोन हप्त्यांत मिळून 30 कोटी डॉलर दिले, गरीब देशांसाठी 20 कोटी डोस 3 डॉलरच्या आत देण्याच्या बोलीवर. 2020 च्या डिसेंबरात चारेक कोटी डोस तयार होऊन शीतगृहात पडून होते. आपल्या सरकारची पहिली ऑर्डर आली 11 जानेवारी 2021 ला, म्हणजे लसीकरण सुरू व्हायच्या पाच दिवस आधी. किती डोसांची? 1.1 कोटींची. 140 कोटींच्या देशाची पहिली मागणी!

त्यानंतरचे चार महिने आठवा. 21 जानेवारीला पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या सीरमच्या आवारात आग लागली, पाच कामगार गेले. कंपनीने नुकसान हजार कोटींच्या वर सांगितलं. लस वाचली, पण बीसीजी आणि रोटाव्हायरसच्या लशींसाठी उभारलेली जागा जळाली. मार्च-एप्रिलमध्ये निर्यात थांबली. आपल्या लोकांचे जीव जात असताना ती थांबणारच होती, त्याला मी चूक म्हणणार नाही. पण परदेशी करारांचे पैसे आधी घेतलेले होते, आणि कोव्हिशिल्ड जिच्या परवान्याने बनत होती त्या अ‍ॅस्ट्राझेनेकाची कायदेशीर नोटीस आली. कंपनीने उत्पादन वाढवायला 3,000 कोटी मागितले, आणि सरकारने एप्रिलमध्ये आगाऊ रक्कम म्हणून ते मंजूर केले. कोव्हॅक्सिन बनवणाऱ्या भारत बायोटेकला दीड हजार कोटी. तेव्हा दुसरी लाट उंबरठा ओलांडून घरात शिरली होती. जी रक्कम एप्रिल 2021 मध्ये देणं शक्य झालं, ती ऑगस्ट 2020 मध्ये देणं का शक्य नव्हतं? 1 फेब्रुवारीच्या अर्थसंकल्पात लशीसाठी 35,000 कोटींची तरतूद होती. पैसा होता. तो वेळेवर जोखीम घ्यायला तयार नव्हता.

आणि मग दुसरं टोक. 2021 च्या शेवटी सीरमची क्षमता महिन्याला 24 कोटी डोसांच्या आसपास गेली, आणि डिसेंबरात सीरमच्या अदर पूनावालांनी जाहीर केलं की पुढच्या ऑर्डर नाहीत, उत्पादन निम्म्यावर आणतोय. नंतर ते बंदच झालं. एप्रिल 2022 मध्ये 20 कोटी डोस शिल्लक होते, ते फुकट द्यायची तयारीही त्यांनी दाखवली. ऑक्टोबरमध्ये त्यांनीच सांगितलं की 10 कोटी डोस मुदत संपून फेकावे लागले. याच एप्रिलमध्ये खासगी रुग्णालयांसाठीचा कोव्हिशिल्डचा भाव 600 वरून 225 वर आणि कोव्हॅक्सिनचा 1,200 वरून 225 वर आला होता. त्याच महिन्यात भारत बायोटेकनेही उत्पादन कमी केलं. जादा भावाने माल भरून ठेवलेल्या छोट्या नर्सिंग होमच्या फ्रिजमध्ये त्या व्हायल तशाच राहिल्या. माझ्याकडे अशा एका नर्सिंग होमचाही हिशेब आहे. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मुदत संपलेल्या व्हायलींचा खोका मला दाखवला तेव्हा त्या रडल्या. पैशासाठी नाही. वर्षभरापूर्वी याच व्हायलीसाठी त्यांनी किती जणांना परत पाठवलं होतं ते त्यांना आठवलं.

सीरम बुडाली नाही. तिने त्या काळात नफाही भरपूर कमावला. पण ती टिकली कशावर, हे बघण्यासारखं आहे. गोवर, घटसर्प, धनुर्वात, बीसीजी. जगभरच्या पोरांना रोज टोचल्या जाणाऱ्या स्वस्त लशींवर. घरात रोजची भाकरी होती म्हणून जत्रेतलं नुकसान पचलं. पुढे 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मलेरियाच्या आर-21 लशीची शिफारस केली, आणि ती बनवायला सीरमकडे जागा आणि माणसं तयार होती. ज्यांच्याकडे रोजची भाकरी नव्हती, ते साथीच्या एकाच पिकावर उभे होते. नोव्हावॅक्स त्यातली. आमचे काका त्यातलेच.

हे पहिल्यांदा घडत होतं असंही नाही. 2009 मध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी पुण्यातच गेला होता, ऑगस्टमध्ये, एक शाळकरी मुलगी. नाकातून घ्यायची लस सीरमने बाजारात आणली जुलै 2010 मध्ये. जागतिक आरोग्य संघटनेने साथ संपल्याचं जाहीर केलं 10 ऑगस्ट 2010 ला. एका महिन्याचं अंतर. तेव्हाच आपण शिकायला हवं होतं.

छोट्या कारखान्यांचं दुखणं आणखी निराळं, आणि त्याबद्दल कोणी लिहीत नाही म्हणून थोडं लिहितो. 2020 च्या एप्रिल ते जूनमध्ये दवाखाने बंद, ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकललेल्या, शाळा बंद म्हणून पोरांना सर्दी-खोकलाही नाही. लहान मुलांच्या अँटिबायोटिक सिरपवर जगणाऱ्या एका कारखान्याची त्या तिमाहीची विक्रीची वही मी लिहिली. पानंच्या पानं कोरी होती. त्याच वेळी कच्चा माल महाग झाला, कारण आपल्या औषधांच्या मूळ द्रव्यातला मोठा वाटा चीनमधून येतो आणि तिथलेच कारखाने आधी बंद पडले होते. विकायचा भाव मात्र अत्यावश्यक औषधांच्या यादीत असला तर सरकारने बांधलेला. रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणाऱ्या हेपॅरिनच्या बाबतीत जून 2020 मध्ये किंमत नियंत्रण प्राधिकरणाने कमाल भाव 50 टक्के वाढवून दिला, कारण तसं केलं नसतं तर हेपॅरिन मिळेनासं झालं असतं. ते शहाणपणाचं होतं. पण प्रत्येक औषधामागे असा अर्ज करायला छोट्या कारखानदाराकडे ना माणूस असतो ना वेळ. वर पॉलिथिन, पुठ्ठा, काचेच्या व्हायली, सगळ्याला रोख पैसे, आणि सरकारी पुरवठ्याचं बिल मात्र सहा-आठ महिने अडकलेलं. याला औषध उद्योगाचा सुवर्णकाळ म्हणणाऱ्याने एकदा त्या वह्या बघाव्यात.

मग काही जण म्हणतात, हे सगळं सरकारनेच करावं. खासगी कंपनी नफा बघणारच, सरकारी कारखाना तयारीत राहील. मला हे मनापासून पटायला आवडलं असतं, कारण माझे वडील परळला राहिले आणि हाफकिनच्या आवारातल्या झाडांखाली खेळून मोठे झाले. वाल्डेमार हाफकिनने प्लेगची लस 10 जानेवारी 1897 ला मुंबईत स्वतःच्या अंगात टोचून घेतली. त्या कामातून उभी राहिलेली ही संस्था. पूनावालांच्या तबेल्यातले थकलेले घोडे याच हाफकिनला रक्तद्रव्यासाठी दिले जात, आणि त्यातूनच 1966 मध्ये सीरमची कल्पना निघाली. गुरूच्या घरात शिष्य मोठा झाला म्हणायचं. आणि गुरू? जून 2021 मध्ये ठरलं की हाफकिनच्या महामंडळाने परळला कोव्हॅक्सिन बनवायची, वर्षाला 22.8 कोटी डोस, केंद्राचे 65 कोटी आणि राज्याचे 94 कोटी, मुदत आठ महिन्यांची. आठ महिन्यांनी म्हणजे फेब्रुवारी 2022. त्यानंतर दोनच महिन्यांत खुद्द कोव्हॅक्सिनच्या मूळ कारखान्यानेच हात आखडता घेतला. हाफकिनच्या माणसांची यात काय चूक? वर्षानुवर्षं ज्या घरात चूल नीट पेटू दिली नाही, तिथे अचानक हजार पानं वाढा म्हटल्यावर काय होणार?

कसौली, कुन्नूर आणि गिंडीच्या तीन सरकारी लस कारखान्यांचे परवाने 2008 मध्ये दर्जाच्या कारणाने स्थगित झाले होते. ते परत मिळाले 2010 मध्ये. पिंपरीची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स 1954 ची, देशातला पहिला पेनिसिलीनचा कारखाना. नव्वदच्या दशकात ती आजारी उद्योगांच्या यादीत गेली, आणि पेनिसिलीनचं मूळ द्रव्य आपण चीनकडून घेत राहिलो. सरकारी असो की खासगी, तयारीला अन्न लागतं. स्वच्छ खोलीतली हवा चोवीस तास फिरती ठेवावी लागते, उत्पादन असो वा नसो. ती थांबली की जंतू शिरतात, आणि मग सगळं पहिल्यापासून. कामगाराचा हात सहा महिने कामाबाहेर राहिला की त्याचं पुन्हा प्रशिक्षण. हा खर्च कुठल्याही डोसाच्या किमतीत नीट बसत नाही, म्हणून तो कोणी देत नाही.

म्हणून मला आपल्याच जुन्या गावगाड्यातली एक रीत आठवते, बलुत्याची. सुतार, लोहार यांना काम मोजून पैसे मिळत नसत. सुगीला खळ्यावर त्यांचा वाटा ठरलेला असे. त्या वर्षी नांगर एकदा मोडला की दहादा, सुताराच्या पेंढ्या ठरलेल्या. त्या बदल्यात पेरणीच्या दिवशी पहाटे औत मोडलं तर त्याने यायचं, पुढच्या आठवड्यात बघू म्हणायचं नाही. गाव त्याच्या हजर असण्याचं मोल देत होतं. त्या व्यवस्थेत घोर अन्याय होता हे मी विसरत नाही. काम जातीने बांधलेलं, नाही म्हणायची सोय नाही, आणि खालच्या म्हटल्या जाणाऱ्यांच्या वाट्याला उरलंसुरलं. बाबासाहेबांनी महार वतनाविरुद्ध झगडा मांडला तो काही उगाच नाही. ती व्यवस्था गेली हे उत्तम झालं. मी फक्त हिशेबाची रीत उचलतोय. जन्माच्या सक्तीऐवजी लेखी करार, आणि करारात दोन्ही बाजूंना नाही म्हणायचा हक्क.

अशी रीत जगात आता सुरू झाली आहे. युरोपीय महासंघाने 2023 मध्ये काही लस कारखान्यांशी करार केले. वर्षाला 32.5 कोटी डोस बनवायची क्षमता साथीसाठी राखून ठेवायची, मशीनं आणि माणसं तयार ठेवायची, आणि त्यासाठी दरवर्षी 16 कोटी युरो घ्यायचे. डोस बनवले तर त्याचे पैसे वेगळे. करार मिळालेल्यांत नेदरलँड्समधली बिल्थोव्हेन बायोलॉजिकल्स आहे. ती कोणाची? 2012 पासून पुण्याच्या पूनावालांची. म्हणजे पुण्याच्या माणसाला तयार राहण्याचं बलुतं युरोप देतंय, आणि आपण पुण्यातल्या कारखान्याला ऑर्डर देतो तीही दारात प्रेत आल्यावर.

त्या 16 कोटी युरोंचे 2023 च्या दराने रुपये केले तर साधारण 1,400 कोटी होतात. आपण 2021-22 साठी लशीवर ठेवलेल्या 35,000 कोटींत असं बलुतं 25 वर्षं देता आलं असतं. देशाच्या लोकसंख्येच्या मापाने रक्कम तिप्पट-चौपट करा, तरी ती एका लाटेत आपण गमावलेल्या मजुरीच्या, बंद दुकानांच्या, घरं विकून भरलेल्या बिलांच्या जवळपासही जात नाही.

रिकाम्या मशीनला पैसे द्यायचे का, हा आक्षेप येणारच. राखीव मशीन रिकामं ठेवायचं कारण नाही. त्यावर रोजची लस, रोजचं इंजेक्शन बनवा, फक्त करारात लिहिलेल्या दिवसांत ते मोकळं करून देण्याची बांधिलकी हवी. आणि दरवर्षी एकदा, न सांगता, कवायत घ्या. तीस दिवसांत इतक्या व्हायल भरून दाखवा. नाही दाखवल्या तर पैसे परत. यात पैसे खाल्ले जातील ही भीतीही खरी आहे. औषध खरेदीतला भ्रष्टाचार मी कागदावर उलटसुलट वाचला आहे, त्याबद्दल मला कोणी शिकवायला नको. म्हणूनच माझी अट कडक आहे. ज्याला जनतेचं बलुतं हवं त्याने त्या मशीनपुरती वही उघडी ठेवायची. कच्चा माल कितीला, वीज किती, माणसं किती, नफा किती. साथीतला भाव आधीच सूत्राने बांधायचा, म्हणजे 150, 400, 600 असे तीन भाव कोव्हिशिल्डच्या एकाच डोसाला लागले तसे लागून सर्वोच्च न्यायालयाला विचारावं लागणार नाही की हे काय चाललंय. जनतेने जोखमीचा वाटा उचलायचा आणि पुराच्या वर्षी नफ्याची मोजदाद कंपनीने खासगी बाब म्हणून झाकायची, हे चालणार नाही.

आणि हे बलुतं फक्त हैदराबाद-पुण्याच्या मोठ्या घरांना देऊन भागणार नाही. रेमडेसिविरच्या वेळी 20 चे 60 कारखाने झाले, तेव्हा मोठ्यांनी हाक मारली ती या छोट्यांनाच. अंबरनाथ, तारापूर, कुरकुंभ, गोव्यातलं वेर्णा, इथे इंजेक्शन भरायचं कसब असलेली शेकडो माणसं आहेत. पाच-सहा छोट्या कारखान्यांनी मिळून एक राखीव भराव-केंद्र चालवायचं, मशीन सामाईक, हप्त्याचा भाग राज्याने उचललेला, असं का होऊ नये? साखर कारखाने काढताना या राज्याला सामाईक मालकी समजत होती. सुधारित शेड्यूल एममुळे, म्हणजे औषध कारखान्यांच्या दर्जाच्या सरकारी नियमांमुळे, छोट्या कारखानदारांना आता तसंही नव्या हवा-यंत्रणेवर, नव्या खोल्यांवर खर्च करावा लागतोय. कित्येक जण तो झेपत नाही म्हणून परवाना परत करायच्या गोष्टी माझ्याशी बोलतात. तो खर्च आणि तयारीचं बलुतं एकत्र जोडलं तर दर्जाही सुधारेल आणि क्षमताही राहील. आत्ता तसं केलं नाही तर पुढच्या साथीत हाक मारायला हे साठ कारखाने उरणारच नाहीत.

गेल्या महिन्यात काकांच्या कारखान्यात जुन्या मशिनरीचा एक दलाल आला होता, वापीहून. त्याने निळं प्लॅस्टिक बाजूला सारून नंबरप्लेटचा फोटो काढला, दार उघडून आतले कप्पे मोजले, रबराचं सील बोटाने दाबून बघितलं. न वापरलेलं सीलही सुकतं, म्हणाला, ते बदलावं लागेल. मग त्याने कागदावर एक आकडा लिहून दिला. कर्जाची जेवढी रक्कम अजून फिटायची आहे, त्याच्या निम्माही नव्हता. काकांनी त्याला चहा पाजला आणि विचार करून कळवतो म्हणाले. तो गेल्यावर त्यांनी प्लॅस्टिक पुन्हा नीट खाली ओढलं, फाटक्या जागी चिकटपट्टी लावली, आणि मला विचारलं, "केंद्राची एखादी योजना आलीय का रे अशा मशीनसाठी? बघून ठेव जरा."